आल्ब्रेख्ट फॉन वालेनश्टाइन

आल्ब्रेख्ट फॉन वालेनश्टाइन (२४ सप्टेंबर, १५८३ - २५ फेब्रुवारी, १६३४) हा बोहेमियातील सरदार व तीस वर्षांच्या युद्धातील पवित्र रोमन साम्राज्याचा सरसेनापती होता. त्याने सम्राट दुसरा फर्डिनांड याच्यासाठी स्वतःच्या पैशातून व कर्जातून प्रचंड सैन्य उभे केले. या सैन्यामुळे सम्राटाची सत्ता बाल्टिक समुद्रापर्यंत पोचली. परंतु सम्राटापेक्षा सेनापतीशी अधिक बांधले गेलेले हेच सैन्य पुढे त्याच्या हत्येचे कारण ठरले.

सुरुवातीचे जीवन

वालेनश्टाइनचा जन्म बोहेमियातील हेर्झमानित्से येथे एका जुन्या, परंतु फारशा श्रीमंत नसलेल्या प्रोटेस्टंट घराण्यात झाला. लहानपणीच आई-वडील वारल्यामुळे त्याचे पालनपोषण नातेवाइकांकडे झाले. न्युर्नबर्गजवळील आल्टडोर्फ येथील त्याचे शिक्षण दंगेखोर वर्तनामुळे अर्धवट राहिले. १६०४ मध्ये त्याने हंगेरीतील मोहिमेत भाग घेतला व त्यानंतर थोड्याच काळात कॅथोलिक पंथ स्वीकारला. १६०९ मध्ये त्याने मोराव्हियातील एका श्रीमंत विधवेशी विवाह केला. १६१४ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर तिच्या जहागिरी त्याच्याकडे आल्या.

उदय

१६१८ मध्ये बोहेमियातील प्रोटेस्टंट सरदारांनी हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध बंड केले. वालेनश्टाइन मात्र सम्राटाच्या बाजूने राहिला. १६२० मधील श्वेत टेकडीच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाला व त्यांच्या जहागिरी जप्त झाल्या. वालेनश्टाइनने त्यांपैकी अनेक स्वस्तात विकत घेऊन उत्तर बोहेमियात फ्रीडलांडचे विस्तृत संस्थान निर्माण केले. १६२३ मध्ये त्याने सम्राटाचा सल्लागार कार्ल फॉन हाराख याच्या मुलीशी दुसरा विवाह केला. १६२५ मध्ये त्याला ड्यूक ही पदवी मिळाली.

सैन्याची व्यवस्था

१६२५ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चियन युद्धात उतरला, तेव्हा सम्राटाच्या खजिन्यात नवे सैन्य उभारण्याइतका पैसा नव्हता. वालेनश्टाइनने स्वखर्चाने सैन्य उभारण्याची तयारी दाखवली. प्रागमधील सावकार हान्स द विट याने त्यासाठी कर्ज दिले. या कर्जाची फेड सैन्याने व्यापलेल्या प्रदेशांतून वसूल केलेल्या खंडणीतून होत असे. ही वसुली शत्रूपुरती मर्यादित नव्हती. सम्राटाच्या मित्रराज्यांवरही तिचा बोजा पडत असे. धान्य, कपडे, पादत्राणे व दारूगोळा यांचा मोठा पुरवठा फ्रीडलांडमधून होई. त्यामुळे वालेनश्टाइन एकाच वेळी सेनापती, पुरवठादार व सम्राटाचा धनको होता.

विजय व पदच्युती

२५ एप्रिल, १६२६ रोजी वालेनश्टाइनने डेसाउच्या पुलाजवळ एर्न्स्ट फॉन मान्सफेल्डचा पराभव केला. १६२७ मध्ये त्याने व टिली याने डेन्मार्कच्या सैन्याला उत्तर जर्मनीतून मागे रेटले. १६२८ मध्ये सम्राटाने मेक्लेनबुर्गच्या ड्यूकांचे राज्य काढून वालेनश्टाइनला दिले. मात्र त्याच वर्षी श्ट्रालझुंड या बंदराचा वेढा त्याला उठवावा लागला. १६२९ मधील ल्युबेकच्या तहाने डेन्मार्क युद्धातून बाहेर पडला.

जुन्या राजघराण्याचे राज्य एका सरदाराला मिळालेले पाहून जर्मन राजे अस्वस्थ झाले. खंडणीच्या तक्रारींचीही त्यात भर पडली. १६३० मध्ये रेगेन्सबुर्ग येथील सभेत निर्वाचक राजांच्या आग्रहावरून सम्राटाने त्याला पदावरून दूर केले. कर्जाच्या ओझ्याखाली सापडलेल्या द विटने त्याच सुमारास आत्महत्या केली.

पुनरागमन

स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताफ आडोल्फ १६३० मध्येच जर्मनीत उतरला होता. १६३१ मध्ये ब्राइटनफेल्ड येथे त्याने टिलीचा निर्णायक पराभव केला व सम्राटाला पुन्हा वालेनश्टाइनला बोलवावे लागले. १६ नोव्हेंबर, १६३२ रोजी ल्युत्सनच्या लढाईत गुस्ताफ आडोल्फ मारला गेला. तरीही वालेनश्टाइनला रणांगण सोडून माघार घ्यावी लागली.

हत्या

१६३३ मध्ये वालेनश्टाइनने सॅक्सनी, स्वीडन व फ्रान्स यांच्याशी वाटाघाटी चालवल्या. त्याचा हेतू तह घडवून आणण्याचा होता की सम्राटाविरुद्ध उठण्याचा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. जानेवारी १६३४ मध्ये त्याने पिल्झेन येथे आपल्या अधिकाऱ्यांकडून वैयक्तिक निष्ठेचे वचन लिहून घेतले. व्हियेनात यालाच बंडाचा पुरावा मानले गेले. सम्राटाने त्याला गुप्तपणे पदच्युत करून जिवंत किंवा मृत पकडण्यास मान्यता दिली. कोणताही खटला चालवला गेला नाही. बहुतेक सैन्याने साथ सोडल्यावर तो खेब येथे गेला. तेथे २५ फेब्रुवारी रोजी बटलर, गॉर्डन व लेस्ली या त्याच्याच अधिकाऱ्यांच्या योजनेनुसार प्रथम त्याच्या निकटच्या सहकाऱ्यांना मेजवानीत ठार मारण्यात आले. त्यानंतर वॉल्टर डेव्हरो या कप्तानाने वालेनश्टाइनला त्याच्या शयनगृहात भाल्याने ठार केले. त्याची संपत्ती जप्त होऊन तिचा मोठा भाग सम्राटाशी निष्ठावंत राहिलेल्या सेनानींना मिळाला.

वारसा

खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लर याने वालेनश्टाइनची पत्रिका मांडली होती व आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तो त्याच्या आश्रयास होता. जर्मन नाटककार फ्रीडरिश शिलर याने वालेनश्टाइनच्या अखेरच्या काळावर तीन भागांचे नाटक लिहिले. प्रागमधील त्याच्या भव्य वाड्यात आज चेक प्रजासत्ताकाच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह भरते.