न दिसलेले खेळाडू

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक कबड्डीवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. त्याचं असं आहे, कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायचो. तत्त्वज्ञानाला विद्यार्थी कमी, त्यामुळे "सरांकडे वेळ आहे" असं ठरवून जिमखाना माझ्या गळ्यात घातला गेला. काही वर्षं संघ निवडायचं काम माझ्याकडे होतं. त्या काळातली एक चूक अजून मनातून जात नाही. तिच्याकडे येतो, पण थोडा लांबून.

प्रश्न जुना आहे. एखाद्यात अजून न दिसलेला गुण आहे, हे ओळखायचं कसं? ग्रीसमध्ये मेगारा पंथाचे लोक म्हणत, गवंडी भिंत बांधत असतो तेवढ्यापुरतीच त्याच्यात बांधण्याची शक्ती असते, हात थांबले की शक्ती संपली. ॲरिस्टॉटलने त्यांना खोडून काढलं. आपल्याकडे सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणतो, तेल तिळात आधीच असतं, म्हणून घाण्यातून निघतं. वाळू कितीही दळा, तेल नाही. पटतं. पण मी जिमखान्यात बसलो की मेगाराचा होऊन जात असे. समोर दिसलं ते आहे, नाही दिसलं ते नाहीच.

आता पुण्यात या, १८९०च्या दशकात. पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा. आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना ३ रुपयांवर झाडलोट आणि खेळपट्टीची कामं, मग गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर. तिथे साहेब लोकांना फलंदाजीच्या सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्यांच्यातला उत्तम फलंदाज. बाळूने बाद केलं की तो आठ आणे देई, असं सांगतात. बाळूच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. आता बघा, गावातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि गोऱ्यांना रोज चकवणारा डावखुरा गोलंदाज त्याच गावात होता. तरी त्याला घ्यावं की नाही यावर खल झाला. घेतलं, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा, त्याचा विटाळ नव्हता!

१९११ साली तो भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. बाळूचा गुण लपलेला नव्हता, हे लक्षात घ्या. तो पहिल्यांदा ज्यांना दिसला त्यांना तो फुकटचा सराव म्हणून हवा होता, आणि ज्यांना त्याची गरज होती त्यांना त्याची जात आधी दिसत होती.

असंच अमेरिकेत झालं. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हातात चेंडू घेऊन धडका देत पळायचा. कॉलेजातल्या खेळाडूंची व्यावसायिक संघांनी आळीपाळीने निवड करायची पद्धत ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात सुरू झाली. फळ्यावर ९० नावं होती. खेळाडू पाहत फिरणारी माणसं तेव्हा संघांकडे नव्हतीच. वर्तमानपत्रं आणि ओळखीपाळखी यांवर काम चाले. पहिला निवडला गेलेला जे बेरवँगर तर पुढे व्यावसायिक सामना खेळलाच नाही.

वर्तमानपत्रात ज्यांचं नाव येत नसे त्यांचं काय? काळ्या मुलांची वेगळी कॉलेजं होती, तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. बिल नन हा पिट्सबर्गच्या 'कूरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचा क्रीडा पत्रकार. तो त्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची यादी दरवर्षी छापायचा. स्टीलर्स संघाने अखेर त्यालाच नोकरीवर घेतलं. जॉन स्टॉलवर्थची गोष्ट अशी सांगतात : अलाबामातल्या एका काळ्यांच्या कॉलेजात सगळे निवडकर्ते एकत्र आले, ओल्या गवतावर पोराला पळवलं, घड्याळात वेळ बरी आली नाही, निघून गेले. नन आजारपणाचं निमित्त करून मागे राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने कोरड्या जागी पुन्हा वेळ घेतली. १९७४ मध्ये स्टीलर्सने स्टॉलवर्थला चौथ्या फेरीत घेतलं, आणि पुढे त्याच्यासह संघाने चार वेळा अजिंक्यपद मिळवलं.

ओलं गवत हा शब्द लक्षात ठेवा.

आता कर्जत-खालापूर. भातकापणी झाली, खळी उरकली की शेतातली ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची, चुन्याने रेषा मारायच्या. झालं क्रीडांगण. कशेळे, कडाव, चौक, वावोशी, कुठेही जा, उन्हाळा संपेपर्यंत रात्रीचे सामने. पूर्वी चांगल्या चढाईपटूचं नशीब म्हणजे मुंबईची नोकरी. मध्य रेल्वे, महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम अशा संघांत शिरकाव झाला की घर उभं राही. निरोप कोणाच्या तरी मामामार्फत पोहोचायचा. लोकलच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत तो पोहोचे, पुढे डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीपर्यंत क्वचितच.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि भाव जाहीर लागू लागले. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामासाठी ३६ लाख ४० हजारांना गेला, पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाखांना. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार तर नवोदितांच्या वर्गातून पुणेरी पलटणमध्ये आला आणि १ मार्च २०२४ रोजी कर्णधार म्हणून करंडक उचलला. क्रिकेटमध्येही मकरंद वायंगणकरांच्या कल्पनेतून आणि दिलीप वेंगसरकरांच्या देखरेखीखाली लहान गावांत माणसं पाठवण्याची योजना झाली होती, तिच्यातल्या प्रकाश पोद्दारांनी जमशेदपुरात धोनी पाहिला. ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण चाचणी मॅटवर होते. आमची पोरं मातीत, अनवाणी खेळलेली. मातीत पाय रुतवून वळायची सवय, मॅटवर बूट घालून पहिल्यांदा उतरलं की घसरतात किंवा पाय अडकतो. निवडणारा वहीत लिहितो, "पायात चपळता नाही." तेच ओलं गवत, दुसरं काय!

माझी चूक याहून साधी होती. तेव्हा मॅटबिट काही नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, निवड चाचणी सकाळी आठला. प्रथम वर्षाचा एक ठाकर समाजाचा मुलगा साडेअकराला पोहोचला, गुडघ्यापर्यंत चिखल. ओढ्याला पाणी होतं, एसटी आलीच नाही. मी तोवर बारा नावं लिहून सही केली होती. तो म्हणाला, "सर, एक चढाई बघा." मी म्हणालो, "वेळ ही पण एक परीक्षा असते." तर्कशास्त्राच्या मास्तराला हे वाक्य फार आवडलं होतं. दिवाळीनंतर तो कॉलेजात दिसला नाही. पुढल्या उन्हाळ्यात कशेळ्याच्या बाजूला एका सामन्यात मी त्याला पाहिलं. एका चढाईत तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला. मला ओळखलं, हसला, "सर, जेवून जा" म्हणाला. मी थांबलो नाही, शेवटची गाडी होती. त्याचं नाव इथे घेत नाही. आता त्याला नातवंडं आहेत, वीटभट्टीवर उमर गेली.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका स्पर्धेला मुंबईहून एक तरुण निवडकर्ता आला होता. मोबाइलवर चित्रण करत होता, चौकस होता. दहा वाजले तसा घड्याळ बघू लागला. मी कार्यक्रमपत्रिका दाखवली : वाड्यांचे संघ नेहमीप्रमाणे शेवटी, मध्यरात्रीनंतर. मोठ्या गावांचे सामने आधी लावतात, कारण तेव्हा पाहुणे असतात. तो म्हणाला, "काका, लोकल चुकेल." मी म्हणालो, "चुकू दे. माझ्याकडे खाट रिकामी आहे, सकाळी बायको पोहे करील."

तो थांबला. दीडच्या सुमाराला त्याने वहीत दोन नावं लिहिली. त्यातल्या एकाकडे जन्माचा दाखला नाही, त्यासाठी तहसील कचेरीत माझी तिसरी खेप परवा आहे.