‘अतिमात्रा’ : हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगांच्या निमित्ताने

१

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द वैद्यकात दोन अर्थांनी रूढ आहे. सहाणेवर उगाळून द्यावयाचे रसौषध ही मात्रा, आणि कोणत्याही औषधाचे ठरविलेले प्रमाण हीही मात्राच. छंदःशास्त्रातील मात्रा ही उच्चारकालाचे माप होय. या सर्व अर्थांच्या मुळाशी ‘मोजणे’ या अर्थाचा संस्कृत ‘मा’ धातू आहे. आज आपल्या बोलण्यात रुळलेला ‘डोस’ हा शब्द मात्र ‘देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. एका शब्दात मोजण्यावर भर आहे, तर दुसऱ्यात देण्यावर. औषध दिले गेले म्हणजे ते मोजले गेलेच असे नाही. हा भेद वरवर पाहता केवळ कोशकारांच्या उपयोगाचा वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकात क्लोरोफॉर्मविषयी जो दीर्घ वाद झाला, त्यात या भेदाचा विसर पडल्याने रुग्णांच्या जिवाशी खेळ झाला. त्या वादाचा महत्त्वाचा अंक हैदराबाद येथे घडला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी उपयोग सुरू केला. ईथरपेक्षा ते देण्यास सोपे. रुमालावर थोडे ओतले की काम भागे. परंतु पुरते तीन महिनेही लोटले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलनजीकच्या विनलेटन या गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या भुलीत दगावली. मुलगी अतिशय घाबरलेली होती. रुमालावर घातलेले क्लोरोफॉर्म होते अवघे चमचाभर, आणि सारा प्रकार काही मिनिटांत संपला.

हा मृत्यू कशाने झाला, यावर लगेच मतभेद झाले. शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली, असे सिम्प्सन यांचे म्हणणे पडले. लंडनचे जॉन स्नो यांना हृदयच बंद पडल्याचा संशय होता. हवेत औषधाच्या वाफेचे शेकडा प्रमाण किती, हा प्रश्न स्नो यांनी महत्त्वाचा मानला आणि ते प्रमाण आटोक्यात ठेवणारे श्वसनयंत्र तयार केले. त्यांची दृष्टी मोजणाराची होती. एडिंबरोच्या जेम्स साइम यांची परंपरा याहून निराळी. औषध कापडावर सढळ हाताने घालावे, नाडीकडे पाहत बसू नये, श्वासाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे, अशी तिची शिकवण होती.

३

एडवर्ड लॉरी हे साइम यांचे शिष्य. हैदराबाद येथे रेसिडेन्सी सर्जन आणि तेथील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख म्हणून ते काम करीत असत. गुरूच्या पद्धतीने त्यांनी असंख्य शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि तिच्यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. क्लोरोफॉर्म हृदयाला थेट अपाय करते, असा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या ग्लासगो समितीने १८८० साली काढला होता. लॉरी यांना तो मान्य नव्हता. त्यांच्या प्रेरणेने १८८८ मध्ये हैदराबादेत पहिला आयोग नेमला गेला. कुत्र्यांवर प्रयोग करून त्याने असा निर्णय दिला की, श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो.

‘लॅन्सेट’ या पत्राने या निर्णयाविषयी शंका घेतली. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले. त्या पैशातून ‘लॅन्सेट’ने आपल्या पसंतीचा तज्ज्ञ पाठवावा, असे ठरले. त्याप्रमाणे १८८९ च्या ऑक्टोबरात सर्वमान्य औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन हैदराबादेत दाखल झाले. दुसऱ्या आयोगाच्या कामात तेथील विद्यार्थिनी रुपाबाई फर्दुनजी यांचाही भाग होता. पुढे भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळविले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख घेण्यात आले. ब्रंटन येताना हृदयाच्या धोक्याची कल्पना मनात घेऊन आले होते. परंतु अखेरीस त्यांनीही आपले मत बदलले. धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयावर थेट आघाताचा नव्हे, असा आयोगाचा निर्णय १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. श्वासावर लक्ष ठेवणाऱ्याच्या हातून अपघात होण्याचे कारण नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

४

या प्रयोगांत लबाडी नव्हती, आणि श्रमांत कसूरही नव्हती. वाफ खोलवर व अखंड देत गेल्यास श्वास आधी थांबतो, हे त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. श्वासाकडे लक्ष देण्याच्या त्यांच्या आग्रहाचे मोलही नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो निष्कर्षाच्या व्याप्तीचा. आयोगाने प्राण्यांना बहुतांशी अतिमात्रा देऊनच मारले, आणि सर्वच मृत्यू अतिमात्रेने होतात असे सांगितले.

याहून मोठा दोष शब्दाच्या वापरात होता. कापडावर ओतलेल्या औषधापैकी फुप्फुसात किती गेले आणि हवेत किती उडाले, हे कोणासही ठाऊक नसे. म्हणजे ‘डोस’ होता, ‘मात्रा’ नव्हती. अशा स्थितीत अतिमात्रा झाली हे कशावरून ओळखावयाचे? रुग्ण मेला यावरून! अशा रीतीने, मृत्यू अतिमात्रेने होतो आणि अतिमात्रा मृत्यूवरून कळते, असे वर्तुळ पुरे झाले. ‘अतिमात्रा’ हे निरीक्षण न राहता व्याख्या बनली. व्याख्येला खोटे पाडणारा रुग्ण कधीच सापडत नाही. सापडतो तो दोष देण्यासाठी भूल देणारा.

हे वर्तुळ मोजणारांनी भेदले. केंब्रिजच्या गॅस्केल व शोर यांनी १८९३ मध्ये प्रयोगाने दाखविले की, क्लोरोफॉर्म हृदयावर प्रत्यक्ष परिणाम करते. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत याहून विस्मयकारक गोष्ट आढळली. हलक्या भुलीत असलेल्या प्राण्याला थोडे अ‍ॅड्रिनॅलिन टोचताच हृदयाच्या जवनिका नुसत्या थरथरू लागत आणि मृत्यू ओढवे. हा धोका खोल भुलीत कमी, उथळ भुलीत अधिक. अर्थात जेथे औषध फार नव्हे, तर थोडे पोचले आहे, तेथेच तो दबा धरून बसलेला! भयाने माणसाच्या शरीरात हेच द्रव्य वाढते, हे ध्यानात घेता विनलेटनच्या भेदरलेल्या मुलीच्या मृत्यूचा हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. हैदराबादच्या प्रयोगांची रचनाच अशी होती की हा मृत्यू त्यांच्या दृष्टीस पडणे कठीण होते.

५

विसाव्या शतकाच्या मध्यास क्लोरोफॉर्म मागे पडले, आणि १९५६ पासून हॅलोथेन प्रचारात आले. तथापि त्या वादाने शिकविलेला भेद टिकून राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ मध्ये औषधाच्या प्रतिकूल परिणामाची जी व्याख्या केली, तिचे मर्म असे की, हा अपाय नेहमीच्या वापरातील प्रमाणात होणारा, हेतूविरहित अपाय होय. अतिमात्रेची विषबाधा त्याहून वेगळी ठरते. व्यवहारात या दोहोंचे उपचार आणि प्रतिबंध दोन्ही वेगळे आहेत. एकीत किती औषध शरीरात गेले ते शोधून त्याचा उतारा करावयाचा असतो. दुसऱ्यात ते औषध त्या रुग्णास पुन्हा द्यावे की नाही, हा विचार प्रधान असतो. भारतात २०१० साली सुरू झालेला औषध-दक्षता कार्यक्रम अशा परिणामांच्या नोंदी गोळा करतो.

मराठीत मात्र आपण या दोहोंना सरसकट ‘दुष्परिणाम’ म्हणतो. ‘औषध बाधले’ एवढेच रुग्ण सांगतो, आणि कागदावरही पुष्कळदा तेवढेच उतरते. यांपैकी एकास ‘अतिमात्रेची विषबाधा’ व दुसऱ्यास ‘यथामात्र अपाय’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. याहून चांगले शब्द कोणी सुचविल्यास ते अवश्य स्वीकारावेत. आग्रह शब्दांचा नाही, भेदाचा आहे. कारण जेथे दोन मृत्यूंना एकच नाव असते, तेथे दुसऱ्या मृत्यूचे कारण शोधण्यास सहसा कोणी निघत नाही.