नया नगरचीं गुणपत्रकें : साथीच्या काळांतील एका साधनाची चिकित्सा

साधन अस्सल असलें म्हणजे त्यावरून काढलेलें अनुमानहि खरें ठरतें असें नाहीं, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. शिक्का खरा, सही खरी, कागद सरकारी, आणि तरीहि मजकुराचा अर्थ बाहेरून लावावा लागतो, असे कागद प्रत्येक दफ्तरांत सांपडतात. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचीं सन २०२० व २०२१ चीं गुणपत्रकें याच वर्गांत मोडतात. तीं घरोघर आहेत. म्हणूनच संग्राहकांचें त्यांजकडे लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांची चिकित्सा करण्याचें योजिलें असून, उदाहरणादाखल मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींतील नया नगर ही वस्ती घेतली आहे.

ही वस्ती घेण्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, नया नगर हें जुनें गांव नव्हे. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस इ. स. १९८० च्या सुमारास तें वसूं लागलें, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईंतून पुष्कळ मुसलमान कुटुंबें येथें राहावयास आलीं. अशा ठिकाणीं वतनपत्रें किंवा कुळकर्ण्यांचीं दफ्तरें मिळावयाचीं नाहींत; घरांत जपून ठेवलेला कागद बहुधा मुलांच्या शिक्षणाचाच असावयाचा. दुसरें कारण रेल्वेचें. साथीच्या वर्षांत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठीं मीरा-भाईंदर मुंबई महानगर क्षेत्रांत मोडत असे. म्हणजे प्रवेशाची यादी मुंबईशीं एक, आणि त्या कॉलेजापर्यंत पोंचण्याचें साधन लोकल गाडी. साथींत नेमकी हीच वाट बंद झाली.

वाट बंद करणारा कायदा मात्र नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग ओळखला. त्यानंतर कांहीं महिन्यांतच १८९७ चा साथरोग कायदा झाला. रेल्वेनें जाणाऱ्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार त्यांत आहे. तोच कायदा महाराष्ट्र शासनानें १३ मार्च २०२० पासून लागू केला. पाठोपाठ शाळा-कॉलेजें बंद झालीं, व २३ मार्चपासून लोकल थांबली.

आतां गुणपत्रकांकडे वळूं. सन २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च रोजीं व्हावयाचा होता. तो प्रथम लांबला, पुढें रद्द झाला, आणि इतर विषयांतील गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्यांत आले. पोथीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा अधिकृत प्रक्षेप होय. गुणपत्रकांत तो इतर गुणांच्या शेजारीं बसला आहे. परंतु त्याच्या मागें उत्तरपत्रिका नाहीं.

सन २०२१ चें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे. त्या वर्षीं दहावीची परीक्षाच झाली नाहीं. शंभरांपैकीं पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या शाळांतर्गत लेखी मूल्यमापनावरून, व वीस गृहपाठ, तोंडी आणि प्रात्यक्षिकावरून धरावे असें ठरलें. परंतु या विद्यार्थ्यांची नववी २०१९-२० ची. तिच्या दुसऱ्या सत्राची परीक्षाहि साथीमुळें रद्दच झाली होती. म्हणजे हें गुणपत्रक मूळ लेख नव्हे. तें नकलेवरून उतरलेली नक्कल आहे, आणि जिच्यावरून तें उतरलें तिचींहि पानें गहाळ आहेत. बारावीस दहावी, अकरावी व बारावी यांस अनुक्रमें तीस, तीस व चाळीस असा भार दिला. त्यांतील २०१९ ची दहावी तेवढी नित्याच्या लेखी परीक्षेची होती.

निकालाचे आंकडे असे : दहावी, २०१९ सालीं ७७.१० टक्के, २०२० सालीं ९५.३०, २०२१ सालीं ९९.९५. हे आंकडे ओळीनें मांडून सर्व वाढ साथीच्या पदरीं घालण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. २०१९ सालीं शाळांतर्गत तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते, ते पुढील वर्षीं परत आले. २०२० च्या वाढीस तें एक मोठें कारण आहे. उलट ९९.९५ हा आंकडा वर सांगितलेल्या रीतीवांचून वाचतांच येत नाहीं. तसा वाचणारा या मुलांस एक तर असामान्य बुद्धिमान ठरवील, नाहीं तर फुकटे. लोकांच्या तोंडीं 'कोरोना बॅच' हा शब्द टोमणा म्हणून रुळलाच आहे. दोन्ही निवाडे अन्यायाचे आहेत, आणि न परीक्षिलेलें साधन अशा अन्यायास बळ देतें.

प्रवेशाच्या कागदांसहि हीच सावधगिरी हवी. २०२० सालीं अकरावीची यादी सप्टेंबरांत थांबून नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हां सुरू झाली. हा विलंब रोगाचा नव्हे. मराठा आरक्षणासंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें ९ सप्टेंबर रोजीं दिलेल्या अंतरिम आदेशाचा आहे. २०२१ सालीं २१ ऑगस्ट रोजीं सामाईक प्रवेश परीक्षा ठरली होती. ती मुंबई उच्च न्यायालयानें १० ऑगस्टला रद्द केली, आणि प्रवेश त्याच परीक्षाहीन गुणांवर झाले. पदवीच्या अंतिम वर्षाचें याच्या उलट घडलें. परीक्षा न घेतां पदवी देण्याचा राज्याचा विचार होता. परीक्षेवांचून उत्तीर्ण करतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. सबब एकाच घरांतील दोघां भावंडांच्या कागदांचें मोल भिन्न रीतीनें करावें लागतें.

विद्यार्थ्यांच्या नित्य जीवनाविषयीं हे सरकारी कागद मुके आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांस लोकल खुली झाली. परंतु पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांचें लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजीं सुरू झालें. कॉलेजें २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडण्याची परवानगी मिळाली. २०२० सालीं नया नगरांतून मुंबईच्या एखाद्या कॉलेजांत अकरावीस गेलेल्या मुलाची अकरावी अशी घरींच संपली. त्या वर्षाचा पुरावा मोबाइलमध्यें आहे : वर्गाचे दुवे, शिक्षकांचे निरोप, हजेरीचीं चित्रें, फी भरल्याच्या पावत्या. उपकरण बदललें कीं हें दफ्तर जातें. त्यास वाळवीचीहि गरज लागत नाहीं.

प्लेगच्या काळाचा धडा येथें उपयोगी आहे. १९०० सालीं पुण्यांतील प्लेगमुळें महर्षि कर्व्यांनीं आपला आश्रम हिंगण्यास हलविला. त्यांनीं 'आत्मवृत्त' लिहिलें म्हणून चालकांची बाजू आपणांस ज्ञात आहे. विद्यार्थिनींची बाजू कळावयास त्यांच्याच हातचे कागद लागतात. प्रौढांनीं लिहिलेला इतिहास मुलांच्या वतीनें साक्ष देऊं शकत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. साथीच्या वर्षांचें गुणपत्रक मिळाल्यास तें सुटें ठेवूं नये. त्याच्याबरोबर मूल्यमापनाचा शासननिर्णय, प्रवेशयादींतील नोंद, व त्या विद्यार्थ्याचे निरोप कागदावर उतरून एका रुमालांत बांधावे. निरोप उर्दूंत, हिंदींत, इंग्रजींत वा मराठींत असतील. ते मूळ भाषेंत, दिनांक व वेळेसह, शुद्धलेखन न सुधारतां उतरावे. पुढें पाठविलेला निरोप व स्वतः लिहिलेला निरोप यांत भेद करावा. धनी हयात आहेत. त्यांची संमति घ्यावी व मागितल्यास नांव झांकावें. हीं मुलें आतां विशीच्या आंतबाहेर आहेत, त्यांची आठवण ताजी आहे, आणि नकलेंतील गहाळ पानें कोणतीं हें सांगूं शकणारे दुसरे साक्षी नाहींत.