काम एके ठिकाणी, मुक्काम दुसऱ्या ठिकाणी

१८८३ सालच्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या वाटेत अडथळे थोडे नव्हते. समाजाचा रोष होता, पैशाची चणचण होती, प्रकृतीची काळजी होती. एक गोष्ट मात्र त्यांना लागली नाही : अमेरिकन सरकारचा व्हिसा. त्या काळी आजच्या अर्थाचा प्रवेशपरवाना बहुतेक प्रवाशांना ठाऊकच नव्हता. तिकिटाचे पैसे जमले आणि मनाचा हिय्या झाला, की मनुष्य निघू शकत असे.

परंतु याच सुमारास दार लोटले जाऊ लागले होते. आनंदीबाई पोचल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेश बंद केला. व्यापारी, विद्यार्थी आणि प्रवासी मात्र त्यातून वगळले. आजच्या व्हिसाच्या नियमांचे मूळ शोधावयाचे तर या वर्गवारीशी थांबावे लागते. येणारा मनुष्य कोण, यापेक्षा तो येऊन काय करणार, हा प्रश्न कायद्याने येथे विचारला. १८८५ साली आणखी एक पाऊल पडले. परदेशातच नोकरीचा करार करून मजूर आणण्यास अमेरिकेने मनाई केली. हातात नोकरीचा करार असणे हाच प्रवेशाला दोष ठरला. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे चक्र उलटे फिरलेले दिसेल.

१९०८ साली कॅनडाने याहून चतुर उपाय योजला. भारतीयांचे नाव न घेता असा नियम केला, की मायदेशाहून सलग प्रवास करून येईल त्यालाच उतरता येईल. आणि आशियातून येणाऱ्याच्या पदरी २०० डॉलर असले पाहिजेत. भारतातून तेथे सलग जाण्याची सोयच नव्हती. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोचले. ते सर्व ब्रिटिश प्रजाजन होते, आणि उतरू पाहत होते तेही ब्रिटिश साम्राज्याच्याच बंदरात. दोन महिने जहाज बंदरात अडकून पडले. मोजके लोक सोडले तर बाकीच्यांना परत फिरावे लागले, आणि सप्टेंबरमध्ये बजबज येथे त्यांच्यापैकी काहींवर गोळीबार झाला.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि युद्धाची तात्पुरती सोय म्हणून पारपत्र व व्हिसा सर्वत्र आले. युद्ध संपले, सोय मात्र गेली नाही. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये परिषद भरली. जुना मोकळा प्रवास पुन्हा सुरू व्हावा अशी इच्छा तेथे बोलून दाखवण्यात आली. प्रत्यक्षात ठरला तो पारपत्राच्या पुस्तिकेचा एकसारखा नमुना. त्याच वर्षी भारतात प्रवेशासाठी पारपत्र सक्तीचे करणारा कायदा झाला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क मान्य केला. १९६७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. निघण्याचा हक्क अशा रीतीने मिळाला. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा हक्क मात्र कोणीच दिला नाही, आणि आजही तो नाही.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत होते : मनुष्य जेथे असतो तेथेच त्याचे काम असते. म्हणून पाहुण्याने काम करावयाचे नाही आणि कामगाराने पाहुणा म्हणून यावयाचे नाही. हे गृहीत तारेने आणि संगणकाने मोडले. १९७३ साली जॅक नाइल्स या अमेरिकन अभ्यासकाने दूरस्थ कामाला स्वतंत्र नाव दिले. पुढे पुण्या-बंगळुरातील तरुण रात्री जागून अमेरिकेची कामे करू लागले. मनुष्याला व्हिसा मिळण्याच्या कितीतरी आधी त्याचे काम सीमा ओलांडून गेले होते! १९९७ साली त्सुगियो माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या पुस्तकाने ‘डिजिटल नोमॅड’, म्हणजे संगणक घेऊन फिरणारा भटक्या, हा शब्द रूढ केला.

कायदा जागा झाला तो २०२० च्या महामारीत. पर्यटक येईनासे झाले. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये वर्षभराचा परवाना काढला. अट वार्षिक ५०,००० डॉलर प्राप्तीची आणि शुल्क एका माणसाला २,००० डॉलर. ऑगस्टमध्ये एस्टोनियाने खास दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला. त्यानंतर क्रोएशिया, पोर्तुगाल, मलेशिया, स्पेन असे अनेक देश या रांगेत आले. थायलंड आणि जपान २०२४ साली आले.

या परवान्यांची कागदपत्रे पाहिली म्हणजे १८८५ चे चक्र उलटल्याचे दिसते. तेव्हा हातात नोकरी असणे हा दोष होता. आता नोकरीचा करार हाच पहिला कागद मागतात. मात्र मालक बाहेरच्या देशातला हवा. स्पेनमध्ये स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला स्थानिक ग्राहकांचे काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येते. जोडीला प्राप्तीचा पुरावा, आरोग्यविमा आणि बहुधा पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. भीती जुनीच आहे : परक्याने आमच्या माणसाची भाकर घेऊ नये. त्याने बाहेर मिळवावे आणि येथे खर्चावे.

यातला पेच दोन बाजूंनी आहे. एस्टोनियाची अट आरंभी दरमहा ३,५०४ युरोंची होती, ती पुढे ४,५०० झाली. म्हणजे चार लाख रुपयांहून अधिक. रुपयात पगार घेणाऱ्या किती जणांना हा उंबरठा ओलांडता येईल? जपानचा परवाना तर व्हिसामाफी असलेल्या देशांच्याच नागरिकांना मिळतो. भारताला ती माफी नाही. दुसऱ्या बाजूला त्या गावचा रहिवासी आहे. २०२३ साली लिस्बनमध्ये घरभाड्यांविरुद्ध मोर्चे निघाले. भाडेवाढीची कारणे अनेक. परंतु बाहेरच्या मिळकतीवर राहणारा शेजारी हे त्यातले एक आहे, अशी तेथील अनेकांची तक्रार आहे. शिवाय हा पाहुणा वर्षातून १८३ दिवसांहून अधिक राहिला, की पुष्कळ देशांत करखात्याच्या दृष्टीने तो पाहुणा उरत नाही. व्हिसा राहू देतो, म्हणून कर माफ होतोच असे नाही; निघण्यापूर्वी ही चौकशी स्वतंत्रपणे करावी हे बरे.

१९०८ साली कॅनडाच्या बंदरावर २०० डॉलर विचारले जात होते. आज बँकेचा उतारा विचारतात. उघडपणे वंश पाहून लोटलेले दार आता मिळकत पाहून उघडते. ही सुधारणा खरीच आहे, आणि तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. आनंदीबाई आपले दागिने विकून निघाल्या होत्या. आजच्या परवान्याच्या अर्जात त्यांना मासिक प्राप्तीचा रकाना कोराच ठेवावा लागला असता.