सायकलचें चाक आणि पावसाचें पाणी

रबराची आणि पावसाची गांठ सायकलच्या टायरपूर्वींच पडलेली होती. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनें १८२३ सालीं कापडाच्या दोन थरांमध्यें पातळ केलेलें रबर पसरून जें नवें कापड काढलें, तें पाऊस बाहेर ठेवण्यासाठीं. आणि इंग्लंडांत पावसाळी डगल्याला त्याचेंच नांव कायमचें चिकटलें. पुढें अमेरिकेंत गुडइयर व इंग्लंडांत हॅन्कॉक यांनीं गंधकाच्या पुटानें रबराला उन्हांत न पाघळण्याचा आणि थंडींत न तडकण्याचा गुण दिला, आणि त्या रबराकडे दुसरें काम आलें, तें हवा आंत ठेवण्याचें. हीं दोन कामें दिसावयास एकच वाटतात. पण तीं एक नव्हेत. चाकाचा इतिहास पाहूं गेल्यास हवा कोंडण्यासाठीं जितकी बुद्धि खर्च झाली, तिच्या चौथाईनेंही पाणी अडविण्यासाठीं झालेली दिसत नाहीं. सायकलस्वाराला पावसाळ्यांत जो त्रास भोगावा लागतो, त्याचें मूळ येथें आहे.

हवेच्या चाकाची पहिली कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश एंजिनियराची. १८४५ सालीं त्यानें पेटंट घेतलें, तेव्हां त्याचें वय अवघें २३ वर्षांचें होतें. रबर चढविलेल्या कॅनव्हासची नळी आणि तिच्यावर चामड्याचें जाड आवरण, अशी त्याच्या चाकाची रचना होती. १८४७ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें अशीं चाकें लावलेली घोडागाडी लोकांना धांवतांना दिसली. गाडी हलकी चाले, आवाजही कमी होई. परंतु चामडें तें चामडेंच! वहाणांना तेल पाजून त्या पावसाळाभर कोनाड्यांत ठेवणाऱ्या घरांना त्याचा स्वभाव निराळा सांगावयास नको. शिवाय खर्च फार, आणि हलक्या दुचाकीचा जमाना अजून यावयाचा होता. थॉमसनची कल्पना लोक विसरून गेले.

ती पुन्हा जन्मास आली बेलफास्ट शहरांत. तेथें जॉन बॉइड डनलॉप हा गुरांघोड्यांचा डॉक्टर राहत असे. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हिसके देते, म्हणून त्यानें पातळ रबराची नळी करून लांकडी चाकाभोवतीं तागाच्या कापडानें ती बसविली, आणि १८८८ सालीं पेटंट घेतलें. (थॉमसनचें जुनें पेटंट पुढें उजेडांत आल्यावर डनलॉपचा हक्क रद्द ठरला, नांव मात्र त्याचेंच राहिलें.) १८८९ च्या मे महिन्यांत बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या शर्यतींत विली ह्यूम हा स्वार या फुगीर टायरांवर जिंकला, आणि हंसणारे लोक गप्प बसले.

डनलॉपच्या या पहिल्या टायरांत एक गुण होता, आणि त्याची वाखाणणी फारशी कोणीं केलेली नाहीं. कापडाच्या कडा रिमभोवतीं, स्पोकांच्या मधून गुंडाळून रबराच्या सोल्युशननें घट्ट चिकटविलेल्या असत. टायर आणि रिम एकाच सालींत बांधल्यासारखीं होत. पाण्याला आंत शिरावयास फट अशी फारच थोडी उरे. पण हाच गुण पंक्चर झालें म्हणजे शाप होई. १८९१ च्या वसंतांत फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथें मिशेलिन बंधूंच्या रबरी मालाच्या कारखान्यांत एक इंग्रज स्वार असा एक फुटका टायर घेऊन आला. तो सोडवून सांधून पुन्हा चिकटविण्यास सुमारें तीन तास लागले, आणि सोल्युशन वाळावें म्हणून सायकल रात्रभर ठेवावी लागली. सकाळीं फेरी मारून पाहिली, तों टायर पुन्हा बसला! एदुआर मिशेलिननें त्या दिवशीं निश्चय केला कीं, टायर हातानें काढतां आणि घालतां आला पाहिजे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पॅरिस ते ब्रेस्ट व परत अशा सुमारें १२०० किलोमीटरांच्या शर्यतींत शार्ल तेराँ हा स्वार मिशेलिनच्या सुट्या टायरांवर पहिला आला. इंग्लंडांत तत्पूर्वींच, १८९० सालीं, वेल्चनें टायरच्या कडांत न ताणणारी तार घालून ती मध्यें खोलगट असलेल्या रिमवर बसविण्याची युक्ति काढली होती, आणि बार्टलेटनें कडेला आंकडा करून टायर रिमच्या ओठांत अडकविला होता. पुढें सायकलींत टिकली ती मुख्यतः वेल्चची तार.

स्वारांची सोय झाली. परंतु टायर सुटा झाला त्या दिवशीं पाण्याला दार उघडलें.

हें कसें, तें पाहण्यास रिम उघडी करून पाहावी. जुन्या इंग्रजी घडणीच्या सायकलीस पुढच्या चाकाला ३२ व मागच्या चाकाला ४० स्पोक असत. प्रत्येक स्पोकच्या निपलला रिममध्यें एक भोंक. त्यांत व्हॉल्व्हचीं दोन मिळविलीं कीं, एका सायकलीस ७४ भोंकें झालीं, आणि तीं सर्व ट्यूबच्या पोटाखालीं. थेंब खालून वर कसे चढतात, अशी शंका येईल. चाक उभें असतां ते चढत नाहींत. पण फिरत्या चाकांत पाण्याला बाहेरच्या अंगास ढकलणारा जोर उत्पन्न होतो. रिमच्या आंतल्या, म्हणजे आंसाकडील, अंगावर बसलेलें पाणी त्यामुळें निपलच्या बाजूनें टायरच्या पोकळींत रेटलें जातें. सायकल थांबली म्हणजे चाकाच्या वरच्या अर्ध्यांतलें पाणी कांहींसें परत गळतें. खालच्या अर्ध्यांतलें टायरच्या तळाशीं साचून राहतें. हवा कमी असेल तर टायरची कड रिमला नीट दाबून बसत नाहीं, आणि तेथूनही पाण्याचा शिरकाव होतो.

पुढचें काम तें गुपचूप करतें. रिम आंतून गंजते, निपल धरले जातात, आणि एखादा स्पोक कसावयास गेलें कीं तोच तुटतो. त्या काळच्या टायरचें अस्तर सुती असे. तें ओलींत कुजे. सर्वांत घातक म्हणजे कडेची तार. ती गंजून तुटली म्हणजे टायर रिम सोडतो, ट्यूब बाहेर फुगते आणि भर रस्त्यांत फुटते. वेगांत असलेल्या स्वाराला तें हाडावर बेतूं शकतें. वेस्टवुड नांवाच्या रिमचा हिंदुस्थानांत सर्वत्र प्रसार झाला. तिच्या दोन्ही कडा आंत वळवून पोकळ नळीसारख्या केलेल्या असत. मजबुतीला तें उत्तम, पण वळलेल्या कडेंत शिरलेलें पाणी लवकर सुकत नसे. बरें, दांड्यांच्या ब्रेकचे रबरी ठोकळे दाबावयाचे ते याच रिमच्या आंतल्या ओल्या अंगावर! लोखंड ओलें झालें कीं ते निसटत, हें पावसांत उतार उतरलेल्या प्रत्येकास ठाऊक असे.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. कारकून, कॉलेजचे विद्यार्थी, दूधवाले, सारे तिच्यावर. पावसाचे चार महिने सायकल घरांत बसवून ठेवणें त्यांना परवडण्यासारखें नव्हतें. दुकानदारांचे उपाय साधे होते, आणि खरें सांगावयाचें तर कारखानदारांच्या शोधांहून ते अधिक उपयोगी पडत. नवा टायर चढवितांना रिम कोरडी पुसून आंतून रंगाचा हात द्यावयाचा. निपलच्या टोकांवर रबरी पट्टी घट्ट ताणून बसवावयाची. टायरच्या पोटांत शंखजिऱ्याची पूड टाकावयाची. व्हॉल्व्हची चकती कसावयाची. हवा कडक ठेवावयाची. पट्टीचें काम निपलच्या टोंचण्यापासून ट्यूब वांचविण्याचें म्हणून सांगितलें जाई. तिच्यामुळें पाणीही अडतें, हा फायदा मागाहून कळला. पण पट्टी कापडी असली तर तीच ओल धरून बसे, हेंही तितकेंच खरें.

१९३० नंतरच्या काळांत निकलच्या जागीं क्रोमियमचा मुलामा आला. रिम चकाकूं लागली. तथापि मुलामा वरच्या अंगाचा, आंतल्या सांध्याचा नव्हे. त्याच सुमारास शर्यतीच्या सायकलींत लांकडी रिमची जागा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम घेऊं लागली. लांकूड पाण्यानें फुगे, तो दोष गेला. तांबड्या गंजाची भीति संपली आणि पावसांत ब्रेकही पुष्कळ बरा लागूं लागला. १९९९ सालीं फ्रान्समधील मॅव्हिक, हचिन्सन व मिशेलिन या कंपन्यांनीं डोंगरी सायकलींसाठीं बिनट्यूबची पद्धति बाजारांत आणली. तिच्यांत टायरखालच्या रिमच्या तळाला स्पोकांचीं भोंकेंच नाहींत. उद्देश हवा न गळावी एवढाच. पण हवेला वाट नाहीं तेथें पाण्यालाही ती उरली नाहीं. इतर रिमांवर हेंच काम हवाबंद चिकटपट्टी करूं लागली.

दुपदरी रिमच्या दोन थरांमधली पोकळी मात्र तशीच राहिली. तींत पाणी निपलवाटे शिरतेंच, आणि चाक फिरविलें म्हणजे त्याचा खळखळाट ऐकूं येतो. कांहीं कारखानदार त्यासाठीं रिमला मुद्दाम आणखी एक बारीक भोंक पाडूं लागले. पावसांतून आल्यावर तें भोंक खालीं येईल अशा बेतानें चाक फिरवून सायकल उभी केली कीं पाणी निघून जातें.