फोटोवर फिरलेला हात

कुणाच्या घरी भिंतीवर पणजीचा जुना फोटो असेल, तर आज तो खाली उतरवा, पदरानं काच पुसा आणि कपाळाकडे बघा. कुंकू काळं दिसेल. पणजी काही काळं कुंकू लावत नव्हती. त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल रंग कळतच नसे. निळा रंग फिकट पांढरा उमटायचा, लाल काळा उमटायचा, आणि आपल्यासारखी उन्हात रापलेली कातडी होती त्याहून काळी यायची. म्हणजे कुणी लबाडी करायच्या आधीच यंत्रानं थोडं बदलून ठेवलेलं असे.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे नेहमी ऐकू येणारं एक वाक्य. "फोटोच आहे ना, मग खोटं कसं असेल?" एवढ्या एका वाक्यावर पोरीची शाळा सुटते, ठरलेलं लग्न मोडतं. म्हणून आज आपण फोटोत फेरफार करण्याचा इतिहास बघू. तो फोटोइतकाच जुना आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. दागेर नावाच्या माणसाला तिचा मान मिळाला. इपोलित बायार यानंही स्वतःची वेगळी रीत शोधली होती, पण त्याला कुणी विचारलं नाही. रागावलेल्या बायारनं १८४० साली स्वतःचा एक फोटो काढला. उघड्या अंगानं, डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसासारखा. मागच्या बाजूला लिहिलं, हे बायारचं प्रेत आहे. हे ‘प्रेत’ पुढे १८८७ पर्यंत जगलं! फोटो जेमतेम एक वर्षाचा झाला होता आणि तेवढ्यात खोटं बोलायला शिकला.

खरी कारागिरी पुढे आली, ती निगेटिव्हवर. निगेटिव्ह म्हणजे उलटं चित्र. त्यात उजेड काळा आणि सावली पारदर्शक दिसते. चेहऱ्यावर देवीचे व्रण असले, डोळ्याखाली सुरकुती असली, तर काचेवर ती जागा पारदर्शक राहते. रिटचिंग करणारा माणूस ती काच उतरत्या मेजावर ठेवायचा. खालून आरशानं उजेड घ्यायचा. काच गुळगुळीत, पेन्सिल तिच्यावर धरत नाही, म्हणून आधी पातळ वार्निशाचा हात द्यायचा. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं तो पारदर्शक ठिपका बारीक बारीक भरून काढायचा. कागदावर छापलं की व्रण गायब! काही काळं करायचं असेल तर पातं घेऊन काच हळूच खरवडायची. गोधडीला ठिगळ लावताना टाका दिसू नये म्हणून आपण जशी नजर लावतो, तसंच हे काम.

१८५५ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फश्टेंगल या फोटोग्राफरनं एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, एक जसाच्या तसा, दुसरा हात फिरवलेला, आणि बघायला गर्दी लोटली, असं इतिहासकार सांगतात. त्यानंतर गिऱ्हाईक मागू लागलं की मलाही तसाच करून द्या. युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये डाग भरण्याचं आणि फोटो रंगवण्याचं हे काम पुष्कळदा बायका करत. फोटोखाली नाव मात्र स्टुडिओच्या मालकाचं.

१८५८ साली इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सननं एक फोटो दाखवला. खिडकीपाशी एक पोरगी मरणपंथाला लागली आहे, भोवती घरातली माणसं, बाप पाठ करून उभा. मरणाच्या दारातल्या पोरीचा फोटो काढवला कसा, म्हणून काही लोक भडकले. प्रत्यक्षात कुणी मरत नव्हतं. वेगवेगळ्या पाच निगेटिव्ह जोडून ते चित्र बनवलं होतं.

आपल्या देशात या कामाला वेगळंच वळण लागलं. परदेशात फोटोवर हलका रंग देत. आपले चित्रकार दाट रंग असा चढवत की खालचा फोटो कधीकधी पुरता झाकून जाई. दागिने, शालू, मागे महालाचे खांब, सगळं कुंचल्यानं. मेलेल्या माणसाचा फोटो करायचा तर मिटलेले डोळे रंगानं उघडून देत. मध्य प्रदेशातल्या नागदा गावात असे फोटो तयार होत असल्याचं ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकानं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नसेल, तर दोन वेगळे फोटो जोडून एकच करून घेतात. मला यात काही वाईट दिसत नाही. घरच्यांना माहीत असतं की तो जोडलेला आहे.

वाईट ते, जिथे बघणाऱ्याला माहीत नसतं. रशियात स्टालिनच्या राजवटीत येझोव्ह हा त्याच्या पोलिसांचा प्रमुख होता. कालव्याच्या काठावर दोघं शेजारी चालतानाचा फोटो निघाला. पुढे येझोव्ह मर्जीतून उतरला, १९४० साली त्याला गोळी घातली, आणि फोटोतूनही काढून टाकलं. त्याच्या जागी नुसतं पाणी.

मग कॉम्प्युटर आला. १९८७ साली अमेरिकेत थॉमस नोल या विद्यार्थ्यानं एक प्रोग्राम लिहायला घेतला, भाऊ जॉननं साथ दिली. १९९० साली तो फोटोशॉप या नावानं बाजारात आला. त्यातली अवजारं जुन्या अंधाऱ्या खोलीतलीच आहेत. तिथे फोटो छापताना चेहरा काळवंडू नये म्हणून काडीला लावलेला पुठ्ठा उजेडात धरत, नाहीतर मुठीच्या फटीतून एकाच जागी उजेड सोडत. फोटोशॉपच्या बटणांवर अजून तीच काडी आणि तीच मूठ आहे. आणि हा प्रोग्राम लोकांना करून दाखवायला जॉननं फोटो वापरला तो त्याच्या होणाऱ्या बायकोचा, समुद्रकाठी पाठमोरी बसलेली. पेन्सिल असो की कॉम्प्युटर, हात पहिल्यांदा फिरतो तो बाईच्या फोटोवर, हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा एक चेहरा नीट करायला कसबी माणूस आणि पुष्कळ वेळ लागे. आज ॲप ते क्षणात करतं. गोरं करणं सोडा, एकीचा चेहरा दुसरीच्या अंगावर बसवता येतो. २०२३ च्या नोव्हेंबरात अभिनेत्री रश्मिका मंदान्ना हिचा चेहरा दुसऱ्या मुलीच्या व्हिडिओवर बसवला, तो देशभर फिरला. तिच्याकडे बोलायला पत्रकार होते. आपल्या गावातल्या पोरीकडे कोण असतं? तिच्या बापाला व्हॉट्सॲपवर काही आलं, तर त्याच्याआधी आपल्या गटातल्या कुणीतरी तिच्या घरी जाऊन बसलं पाहिजे.

आणि जाताना हे माहीत असू द्या. चेहरा जोडलेला असा फोटो तक्रार आल्यावर ठरावीक तासांत काढायला हवा, असं २०२१ च्या सरकारी नियमांनी फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांना बांधून दिलं. सायबर गुन्ह्यासाठी फोन नंबर १९३०. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर बाई आणि मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न सांगताही करता येते. घाबरून आलेला मेसेज पुसू नका. आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, ज्या नंबरवरून किंवा खात्यावरून आला ते नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहा, आणि मग पोलीस ठाण्यात जा. दोघी-तिघी मिळून जा.