सदा सिद्ध असणें : केडगांवच्या पंडिता रमाबाई

ख्रिस्ती धर्मांत जागृत राहण्याच्या उपदेशाला फार मोठें स्थान आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत दहा कुमारिकांचा एक दृष्टान्त आहे. वराला सामोऱ्या जाण्यासाठीं दहाहि जणी दिवे घेऊन निघाल्या. वराला उशीर झाला, आणि दहाहि जणींना झोप लागली. मध्यरात्रीं हांक आली तेव्हां पांच जणींजवळ तेल होतें, पांच जणींजवळ नव्हतें. झोप शहाण्यांनाहि लागली होती, ही गोष्ट पुष्कळदां वाचकांच्या नजरेंतून सुटते. भेद झोपेंत नव्हता. हांक येण्यापूर्वीं प्रत्येकीनें काय करून ठेविलें होतें, यांत तो होता. आणि ऐन वेळीं तेल उसनें मिळत नाहीं, हें त्या कथेचें मर्म आहे.

या उपदेशाचे अर्थ मात्र निरनिराळे झाले. पौलाच्या वेळींच थेस्सलनीका येथील कांहीं लोक कामधाम सोडून बसले होते, व त्यांना त्यानें पत्रांतून चांगलेंच खडसाविलें. अमेरिकेंत विल्यम मिलर याच्या अनुयायांनीं प्रभूच्या पुनरागमनाचा दिवस गणितानें काढला. २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस आला आणि गेला, आणि हजारों माणसें निराश झालीं. उलट पक्षीं, ठराविक वेळीं उठणें, प्रार्थना करणें आणि हातानें काम करणें यांतच सिद्धता आहे, असें मानणारी मठवासीयांची परंपरा चवदाशें वर्षांहून जुनी आहे. घटका मोजीत बसणें आणि घटका सार्थकीं लावणें, असे हे दोन मार्ग आहेत. त्यांपैकीं दुसऱ्या मार्गाचें एक ठळक उदाहरण मराठी भूमींतच घडलें आहे.

तो काळ दुष्काळाचा होता. मराठवाड्याच्या पूर्व टोंकाला, तेलंगणाच्या सीमेवर धर्माबाद हें गांव आहे. तें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास या गांवावरून गेला. आणि नेमका त्याच वेळीं १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. गुजराथ, राजपुताना, मध्यप्रांत, मराठवाडा, सर्वत्र अन्नान्नदशा झाली. अशा वेळीं निराश्रित मुलींसाठीं ज्या थोड्या ठिकाणीं दार उघडें होतें, त्यांपैकीं एक पुणें-दौंड मार्गावरील केडगांवांत होतें. तें दार पंडिता रमाबाईंनीं उघडिलें होतें.

दुष्काळ म्हणजे काय, हें रमाबाईंना ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें. २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या अरण्यांत त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि मातेनें तें कन्येस दिलें. तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हें कुटुंब फिरत असे. लहान वयांतच रमाबाईंनीं भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत केले. पुढें १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत वडील, आई आणि थोरली बहीण अशीं तिघेंहि एकामागून एक गेलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास पायीं देश फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथील विद्वानांनीं या तरुणीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. धर्माबादच्या शेजारीं गोदाकांठीं बासर येथें सरस्वतीचें प्राचीन क्षेत्र आहे आणि तेथें लहान मुलांना पहिलें अक्षर गिरवावयास लावितात. एका स्त्रीनें ते संस्कृत ज्ञान आत्मसात् करावें व त्या देवतेचें नांव पदवी म्हणून धारण करावें, हें त्या काळीं अपूर्वच होतें.

पुढें श्रीनिवासहि गेला. विवाह झाला; दोन वर्षांच्या आंतच पतीचें निधन झालें. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेथून इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे सिद्धता झाली, असें त्यांनीं मानिलें नाहीं. पुढें आत्मनिवेदनांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो लाभ कांहीं वर्षांनीं झाला. दिवा हातीं आला होता; तेलाचा शोध चालू होता, असें याचें तात्पर्य सांगतां येईल.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन सुरू झालें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखीं माणसें सल्लागार होतीं. परंतु सदनांतील कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. सल्लागारांनीं राजीनामे दिले, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या, ‘केसरी’नें कठोर टीका केली. आश्रित मुलीची धर्मनिवड कितपत स्वतंत्र असूं शकते, हा त्या वादांतील प्रश्न खरा होता, आणि तो केवळ विरोधकांचा हट्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. रमाबाईंचें उत्तर असें कीं, स्वतःच्या घरांत स्वतःची प्रार्थना उघड्या दारानें करण्याचा आपणांस हक्क आहे. कोणी यावें, न यावें, ही त्या मुलीची खुषी. त्यांनीं दार लाविलें नाहीं, आणि त्याची किंमत मोजिली.

केडगांवीं त्यांनीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें मुली व विधवा त्यांनीं आणिल्या. जागा नव्हती, पुण्यांत प्लेगाची भीति होती. म्हणून केडगांवीं झोंपड्या उभ्या राहिल्या आणि ‘मुक्ती’चा आरंभ झाला. १९०० सालीं तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. विहिरी, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंधांसाठीं शिक्षण, सर्व कांहीं त्या आवारांत होतें, आणि तें चालविणाऱ्या हातांपैकीं बहुतेक हात एके काळीं भीक मागून जगलेले होते.

या संस्थेंत १९०५ सालीं जो आध्यात्मिक प्रक्षोभ झाला, त्याची वार्ता जगभर गेली. वेल्सांत १९०४ मध्यें जागृतीची लाट उसळली होती. ती बातमी ऐकून १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं मुलींना रोज प्रार्थनेस एकत्र बसण्यास सांगितलें. प्रथम सत्तर जणी आल्या. पुढें साडेपांचशें जणी दिवसांतून दोनदां बसूं लागल्या. जूनच्या अखेरीस रडणें, पापकबुली, आनंदाचे उद्गार यांनीं सदन भरून गेलें. कित्येक मिशनऱ्यांनाहि हा गोंगाट रुचला नाहीं. रमाबाईंनीं मात्र, हिंदी माणसाच्या भक्तीला पाश्चात्य शिस्तीचा सांचा लावूं नये, अशी भूमिका घेतली. परंतु त्या अश्रूंवर थांबल्या नाहींत. मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊं लागल्या. एवढ्या मोठ्या घरांतील दळण, कांडण, पाणी हीं कामें तर कोणत्याच दिवशीं थांबण्यासारखीं नव्हतीं.

रमाबाईंची स्वतःची सिद्धता मात्र त्या कोलाहलापेक्षां एका अत्यंत शांत कार्यांत अधिक दिसते. मराठींत शास्त्राचें भाषांतर होतें. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर असल्यामुळें खेड्यांतील बाईला तें कळत नसे. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास मांडिला आणि मुळावरून सोप्या मराठींत भाषांतर करावयास घेतलें. संस्कृताची पंडिता संस्कृत शब्द टाळूं लागली. खिळे जुळविणें, छापणें हें काम मुक्तींतल्याच स्त्रिया करीत. वर्षांमागून वर्षें गेलीं. कानांनीं ऐकूं येणें कमी झालें, प्रकृति ढांसळली. काम थांबलें नाहीं.

शेवटचा घाव सर्वांत मोठा होता. मनोरमाबाईंना त्यांनीं आपल्यामागें ही धुरा वाहण्यासाठीं तयार केलें होतें. निजामाच्या राज्यांत गुलबर्ग्यास १९१२ सालीं निघालेल्या शाळेच्या उभारणींत मनोरमाबाईंचा मोठा वांटा होता. त्या २४ जुलै १९२१ रोजीं, चाळीस वर्षांच्या वयांत, वारल्या. तीस वर्षें केलेली तयारी एका दिवसांत निष्फळ झाली, असें कोणालाहि वाटलें असतें. मातेनें पुन्हां मुद्रितें हातीं घेतलीं. भाषांतराचें काम पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. चौसष्ट वर्षें पुरीं होण्यास अठरा दिवस उरले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला.

तें भाषांतर सर्वत्र रूढ झालें नाहीं. मंडळ्यांत जुनेंच चालू राहिलें. यशाच्या मापानें पाहिलें तर येथें थोडें दुःख वाटतें. पण जागृत राहण्याच्या उपदेशांत फळाची हमी कोठेंच दिलेली नाहीं. हांक कोणत्या प्रहरीं येईल, हें रमाबाईंना ठाऊक नव्हतें. वडिलांची, पतीची, कन्येची हांक त्यांच्या अगोदर आली. आपली आली तेव्हां मेजावर अपुरें पान राहिलेलें नव्हतें, आणि केडगांवचें दार उघडें होतें. तें आजहि उघडें आहे.